पंचफुलाबाईचं खारं तळं

आमच्या मोठ्या माईला, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या वहिनीला, गावातल्या भल्याभल्यांनी वेड्यात काढलं होतं. त्यातल्या निम्म्यांना मी तोंडावर सुनावलंय. उरलेल्या निम्म्यांना सुनावायचं राहून गेलं, कारण ते लोक पुढे तिच्याच दारात सल्ला विचारायला आले आणि दारात आलेल्याला बोलू नये असं तीच मला म्हणाली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण आहे. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो असं शाळेत म्हणतात आणि ते खोटं नाही.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. इथे बोअर मारली की पाणी लागतं, धो धो लागतं, पण तोंडात धरवत नाही. प्यायलं तर मूतखडा, पिकाला दिलं तर जमीन चोपण होऊन पांढरी पडते. घराघरात एखादा तरी माणूस पोट धरून अमरावतीला जाऊन आलेला असतो. मोठ्या माईचं नाव पंचफुला, वय पन्नाशीच्या पुढे. तिचं आणि मोठ्या बाबांचं, शेषरावांचं, जे थोडं रान होतं ते असंच चोपण झालेलं. त्यात धड तूर येत नव्हती, धड गवत येत नव्हतं. ती आयुष्यभर दुसऱ्यांच्या रानात निंदायला आणि वेचायला गेली.

बचत गटाच्या बायकांना एकदा सरकारी सहलीने समुद्राकडे नेलं. बाकीच्या बायका लाटा पाहून आल्या, ही झिंग्यांची तळी पाहून आली. पुण्यामुंबईचे लोक ज्याला कोळंबी म्हणतात ते झिंगे. घरी आल्या आल्या म्हणाली, "दीक्षा, त्याईले समुद्राचं पानी पंपानं ओढा लागते. आपल्या घरी तं थे बोअरमधून फुकट पडून राहिलं ना व!"

मग परवानग्यांसाठी हेलपाटे, प्रशिक्षण, चोपण रानात खड्डा, त्यावर जाड प्लास्टिक. गावाला चघळायला विषय मिळाला. "कास्तकारी जमली नाही अन् आता समुद्र आणून राहिली," असं पारावर म्हणायचे. पहिलं पीक निघालं आणि तोंडं मिटली. दुसऱ्या वर्षी बेबीताई आणि गटातल्या आणखी बायकांनी तिच्या तळ्याला लागूनच आपापली तळी खोदली.

आता कापसाच्या मुलखात झिंगे पाळायचे म्हणजे काय, ते सांगते. झिंगा हा मासा नाही, किड्यांच्या गोतावळ्यातला जीव आहे. कापसावर जे औषध मारलं की किडे पटापट पडतात, तेच औषध एवढंसं पाण्यात उतरलं तरी झिंगाही पडतो. मोठ्या माईने हे प्रशिक्षणात ऐकलं आणि गाठ मारून ठेवलं. तिने तळ्याभोवती हिरवी जाळी बांधली, एकच फाटक ठेवलं आणि नियम केला की फवारणी करून आलेल्या माणसाने आंघोळ करून, कपडे बदलल्याशिवाय फाटकाच्या आत पाय ठेवायचा नाही. मग तो सरपंच असो की मोठे बाबा.

झालं! गावात काही जणांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आता याईच्या पान्याले आपला विटाळ होते म्हनते," असं एकाने माझ्या देखत म्हटलं. माझं रक्त उसळलं, कारण माझ्या आजीने याच गावात विहिरीच्या काठाशी घागर घेऊन, कुणी वरून पाणी ओतेल म्हणून तासन्‌तास वाट पाहिलेली आहे. मी तोंड उघडणार तेवढ्यात मोठी माय शांतपणे म्हणाली, "माहं तळं जात नाही पाहत बाप्पा, फवारा पाहते." तो माणूस निघून गेला. मला तिच्याइतकं शांत राहणं या जन्मात जमायचं नाही.

तिच्या रानाला लागून पुंजाराम आणि त्याची बायको रुख्माबाई यांचं रान. काळी कसदार जमीन, पिढीजात कास्तकार. पुंजाराम करड्या आवाजाचा माणूस, त्याच्या घरात तो बोलला की विषय संपला. रुख्माबाई तशी मनाने चांगली, पण बांधावर बोलणं वेगळं आणि घरात चहा पिणं वेगळं. मोठ्या माईने कितीदा बोलावलं तरी "आताच घेऊन आली व" म्हणून ती टाळायची. मोठ्या माईला ते कळायचं आणि ती तरीही बोलवायची. मला या गोष्टीचा फार राग यायचा.

आखाडात एका दुपारी वावटळ आली, तळ्यावरच्या शेडचा पत्रा उडाला आणि मागोमाग पाऊस कोसळला. शेडमध्ये झिंग्यांच्या खाद्याची पोती होती. मोठी माय एकटीच पोती ओढत होती. ते रुख्माबाईने आपल्या रानातून पाहिलं आणि ती घरून मोठी ताडपत्री घेऊन धावत आली. दोघींनी मिळून पोती झाकली, पण काही पोती खालून ओली झालीच. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, तेव्हा दोघींनी तीच ताडपत्री समाजमंदिरासमोर अंथरली, ओलं खाद्य तिच्यावर पसरलं आणि दिवसभर हाताने वरखाली केलं. आमच्या वऱ्हाडात ओलं झालेलं काही कुणी फेकत नाही. सोयाबीन असो, कापूस असो, कुरड्या असोत, ताडपत्रीवर पसरायचं आणि ऊन दाखवायचं. त्या दिवशी रुख्माबाई मोठ्या माईच्या ओसरीवर बसली आणि तिने कपभर चहा घेतला.

तो चहा मोठ्या माईने मला फोन करून सांगितला. मग माझ्या आईला सांगितला. भेटेल त्याला सांगितला.

वाळवलेली पोती तिने मागे ठेवली आणि कोरडी आधी संपवली. श्रावणात झिंगे बोटभर झाले होते, काढणी जवळ आली होती, तेव्हा ती वाळवलेली पोती उघडली.

रविवारी सकाळी मी तिच्याकडे गेले तर ती फाटकातच उभी. चेहरा उतरलेला. तळ्यात खाद्य टाकल्यावर एक जाळीचं ताट पाण्यात सोडून ठेवतात, थोड्या वेळाने वर काढलं की झिंग्यांनी किती खाल्लं ते कळतं. तिने ते ताट माझ्यापुढे धरलं. दाणे जसेच्या तसे होते. त्यात दोन झिंगे आडवे पडलेले, पाय थरथरत होते.

"कालपासून खाऊन नाही राहिले," ती म्हणाली. "मले वाटलं ढग आहेत म्हून. आज तं पाह्य हे."

कडेला जिथे पाणी उथळ होतं तिथे झिंगे येऊन लागले होते. काही गोल गोल फिरत होते, काही पाण्याबाहेर उडी मारून प्लास्टिकवर पडत होते. मेलेले तळाशी पांढुरके दिसत होते. हवा देणारी चाकं जोरात फिरत होती, त्यामुळे प्राणवायू कमी पडला असं म्हणायलाही जागा नव्हती.

ललित म्हणून एक मत्स्यतज्ज्ञ आहे, अमरावतीहून या तळ्यांवर देखरेखीला येतो. तिशीतला, कामाचा आहे, बोलणं मोजकं. फोन केल्यावर मोटरसायकल हाणत आला. त्याने पाणी तपासलं, झिंगे उलटेपालटे करून पाहिले, काही नमुने बर्फात घातले.

तोवर बाकीच्या तळ्यांवरच्या बायका जाळीपाशी जमल्या होत्या. बेबीताई पुढे. तिने सरळच विचारलं, "रोग हाय का?"

ललित म्हणाला, "पांढऱ्या ठिपक्यांचा रोग असू शकतो. ठिपके दिसत नाहीत, पण नेहमी दिसतातच असं नाही. अहवाल यायला परवा उजाडेल."

"परवा?" बेबीताईचा आवाज चढला. "थे बगळे पाहा. इथला मेलेला झिंगा चोचीत धरते अन् माह्या तळ्यावर बसून खाते. परवापर्यंत आमची तळी कुठं राहतीन?"

तिचं खोटं नव्हतं, हीच पंचाईत होती. तो रोग असाच पसरतो. आणि तो असला तर उपाय एकच, तळ्यात ब्लीचिंग पावडर ओतायची, आत असेल नसेल ते सगळं मारून टाकायचं आणि पाणी कुठे सोडायचं नाही. मोठ्या माईच्या तळ्यात अजून बरेच झिंगे जिवंत होते. पण बेबीताईच्या तळ्यासाठी कर्जाचा अर्ज मोठ्या माईनेच पुढे केलेला, तळं खोदा असं तिनेच म्हटलेलं.

मोठी माय खाली बसली. मग उठली. म्हणाली, "रोग असन तं मी मारतो सगळे. माह्यापायी कोनाचं तळं जायाचं नाही. पन रोगच हाय हे मले कोन सांगन?"

ललित पाण्यात वाकून बघत होता. मग त्याने हाताने खूण केली. "मावशी, हे पाहा. रोगाने मरणारा झिंगा मलूल पडतो. हे झटके देतायत. हे मला विषासारखं वाटतंय."

सगळ्यांच्या माना पुंजारामच्या कपाशीकडे वळल्या. माझीही वळली, खोटं कशाला बोलू. मी तर मनात पोलीस स्टेशनसुद्धा गाठलं होतं.

"थांबा," ललित म्हणाला. "पाण्यावर पाणकिडे जिवंत पळतायत. वाऱ्यावरून फवारा पाण्यात उतरला असता तर आधी हे गेले असते. पाणी नाही, पोटातून गेलंय काहीतरी. खाद्य कोणतं दिलंत?"

"तेच. कंपनीचं. बेबीताईनं भी तेच दिलं."

बेबीताईचे झिंगे तर ठणठणीत होते. ललितने पोत्यातलं मूठभर खाद्य घेऊन वास घेतला, उन्हात धरलं. "हे ओलं झालं होतं?"

मोठ्या माईने पत्रा उडाल्याचं सांगितलं, वाळवल्याचं सांगितलं. ललितने कपाळाला हात लावला. "मावशी, ओलं खाद्य फेकायचं असतं. बुरशी धरते, आणि बुरशी उन्हाने मेली तरी तिचं विष दाण्यात राहतं. पण बुरशीने इतक्या लवकर असे झटके येत नाहीत. कशावर वाळवलं?"

ती उत्तर द्यायला तोंड उघडून तशीच थांबली. मला तिचं थांबणं दिसलं आणि मलाही समजलं.

"ताडपत्रीवर," मीच म्हणाले.

"त्या ताडपत्रीवर आधी काय होतं? मला हे पक्कं कळलं तर खाद्य बंद करून, नवीन पाणी घेऊन उरलेले वाचवता येतील. नाहीतर..." त्याने बायकांकडे पाहिलं. "सूर्य मावळायच्या आत ब्लीचिंग टाका असंच मला म्हणावं लागेल. दुसऱ्यांच्या तळ्यांचा जिम्मा माझ्यावर आहे."

बेबीताईने ब्लीचिंगची पोती आणायला माणूस पाठवला.

मोठ्या माईची तगमग मी पाहिली. एवढं साधं विचारायचं, तर जा आणि विचार! पण हा प्रश्न साधा नव्हता. वर्षानुवर्षं न घेतलेला चहा ज्या ताडपत्रीमुळे घेतला गेला, तिच्याबद्दल त्या घरी जाऊन "तुझ्या ताडपत्रीनं माझे झिंगे मारले का" असंच विचारायचं होतं. कुठल्याही शब्दांत विचारलं तरी तेच. ती मला म्हणाली, "दीक्षा, तू चाल संगं. पन तू बोलू नोको."

पुंजाराम अंगणात खाटेवर बसला होता. रुख्माबाई दाराच्या चौकटीत. आम्हाला बसा कुणी म्हटलं नाही. मोठ्या माईने उभ्याउभ्याच सांगितलं, अगदी हलक्या आवाजात, आपली ओलं खाद्य वाळवायची चूक आधी सांगून. मग म्हणाली, "भाऊ, दोष देत नाही मी. फक्त एवढं सांगा, त्या ताडपत्रीवर आधी काही औषधाचं काम झालं होतं का?"

"कोरी होती," पुंजाराम म्हणाला. "मदत केली तं आता आमच्याच नावानं बोंबलता? उद्या भरपाई मागसान!"

"नाही जी. मले काही नोको."

"कोरी होती म्हटलं ना."

मोठ्या माईने रुख्माबाईकडे पाहिलं. रुख्माबाईने पदर तोंडावर घेतला आणि जमिनीकडे बघत राहिली. मी दात आवळून उभी होते. मला ओरडायचं होतं की अहो, बोला काहीतरी, जीव जातायत तिथे! पण मी शब्द दिला होता.

परत येताना मोठी माय एकदाच बोलली. "तिले त्या घरात राहा लागते."

तळ्यावर ब्लीचिंगची पोती येऊन पडली होती. उन्हं कलली होती. बेबीताई आता ओरडत नव्हती, ती रडत होती, आणि ते जास्त वाईट होतं. मोठ्या माईने नाकातोंडाला ओढणी बांधली, पोत्याची शिवण विळ्याने कापली. पावडरीचा झणका नाकात गेला. तिने घमेलं भरलं, उचललं आणि पाण्याच्या कडेला गेली. पायाशी झिंगे वळवळत होते, त्यातले कितीतरी अजून नीट पोहत होते. मला बघवेना.

"टाकू नोको! पंचफुलाबाई, टाकू नोको व!"

जाळीच्या पलीकडून आवाज आला. रुख्माबाई कपाशीतून धावत आली होती. पायांत चप्पल नव्हती, धाप लागली होती. फाटक उघडं होतं तरी ती आत आली नाही. जाळी दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. "मी आत येत नाही, फवारलेल्या वावरातून आली. तू थांब. पेरनीच्या टायमाले त्याच ताडपत्रीवर सोयाबीनच्या बियान्याले औषध चोळलं होतं. लाल औषध. मी धुतली होती, दोन पान्यानं धुतली होती, मले वाटलं गेलं असन." तिने कमरेला खोचलेला त्या औषधाचा चुरगळलेला पुडा काढून जाळीतून पुढे केला.

ललितने तो जवळपास हिसकावूनच घेतला. वाचलं. मग पोत्यातले दाणे ओंजळीत घेऊन पुन्हा उन्हात धरले आणि मलाही दाखवले. काही दाण्यांच्या कडेला पुसट गुलाबी झाक होती. सकाळपासून ते आमच्या डोळ्यांसमोर होते.

"हेच," तो म्हणाला. "किड्यांचंच औषध आहे. खाद्य बंद. बोअर चालू करा. खालचं पाणी पलीकडच्या त्या रिकाम्या खड्ड्यात काढा, कुणाच्या तळ्याकडे नको. मावशी, घमेलं खाली ठेवा आधी."

तिला ते ठेवता येईना, बोटं आखडली होती. बेबीताईने पुढे होऊन तिच्या हातातून घमेलं काढून घेतलं. मग पदर खोचून तीच पाइप ओढायला लागली. मी वळून पाहिलं तेव्हा जाळीपाशी कुणी नव्हतं.

पुढचे दिवस वाईट गेले. पुष्कळ झिंगे मेले. रोज सकाळी आम्ही ते काढून खोल खड्ड्यात चुना घालून पुरायचो, बगळ्यांना हुसकायचो. अहवाल आला, रोग नव्हता. हळूहळू ताटातले दाणे कमी व्हायला लागले, मग एके दिवशी ताट रिकामं वर आलं आणि मोठी माय ते छातीशी धरून नुसती उभी राहिली. उरलेले झिंगे तपासणीत स्वच्छ निघेपर्यंत तिने एकही विकू दिला नाही. व्यापारी घाई करत होता, त्याला म्हणाली, "तुह्या घरी लेकरं नाही का?"

पुंजारामच्या घराकडून काही बोलणं आलं नाही. रुख्माबाई बांधावर दिसेना. तिला घरात काय ऐकावं लागलं असेल ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. गावात मात्र चर्चा होतीच, की ताडपत्री कुणाची.

काढणीनंतर ललितने समाजमंदिरात बायकांची सभा घेतली. आजूबाजूच्या गावांतून नवी तळी घेणाऱ्या बायकाही आल्या होत्या. दाराशी काही बाप्ये उभे, त्यांत पुंजारामही. मोठ्या माईला बोलायला उभं केलं. तिने सरळ सांगितलं, "चूक माही. खाद्य ओलं झालं तं फेकाचं सोडून मी वाळवलं. पान्यावर पहारा ठेवला अन् खाद्यावर ठेवला नाही. दाना कशाले कशाले लागला, थे भी पाहा लागते."

कुणीतरी मागून विचारलंच, "पन ताडपत्री कोनाची होती?"

मोठी माय क्षणभरही थांबली नाही. "माहीच होती," म्हणाली.

मला भडभडून आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. तेवढ्यात मागच्या रांगेतून रुख्माबाई उठली. ती आलेली आहे हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

"खोटं बोलून राहिली थे," ती म्हणाली. आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "ताडपत्री माही होती. हे माह्या दारात येऊन हात जोडून इचारत होती, अन् मले माहीत होतं, अन् मी चूप उभी होती. औषधानं मेले थे मेले. पन बाकीचे मेले असते, तं थे माह्या चूप राहन्यानं मेले असते."

पुंजारामने दाराशी घसा खाकरला. रुख्माबाईने तिकडे पाहिलं नाही. ती मोठ्या माईकडे बघत उभी होती.

"पन तू आली ना व," मोठी माय म्हणाली.